पाचटाचा धूर, आपली फुप्फुसे आणि ताटातली भाजी



ऊसतोड होऊन फड मोकळा झाला, की आपल्या रावेर भागात सांजच्याला कुठे ना कुठे पाचट पेटलेले दिसते. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. काडी ओढली की रान साफ! पण गेल्या हंगामात वारा फिरला, धूर घरात शिरला आणि आमच्या आईला रात्रभर धाप लागली. आम्ही मनात ओशाळलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, आवळा द्या, हळदीचं दूध द्या. मग धूर बाधत नाही." हे कितपत खरे, ते पाहू या.

धुरातले पुष्कळसे कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा! हे कण नाकात न अडकता थेट फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि लोखंडाला गंज चढावा तशी पेशींची झीज होते. आवळा, पेरू, पालेभाज्या, हळद यांत हा गंज रोखणारी द्रव्ये असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. हळदीतले मुख्य द्रव्य मात्र अंगी फार थोडे लागते.

याची परीक्षा माणसांवरही झाली आहे. चीनमधील छीतुंग या प्रदूषित भागात 291 जणांना 12 आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचे पेय किंवा तसेच दिसणारे साधे पेय दिले. 2014 साली निष्कर्ष आला, की कोंबांचे पेय घेणाऱ्यांच्या लघवीवाटे बेंझीन हे विषारी द्रव्य 61 टक्के जास्त बाहेर पडले. ब्रोकोली ही आपल्या कोबीच्याच कुळातली. पण त्यामुळे फुप्फुसे वाचली, असे त्यातून सिद्ध झाले नाही.

आणि गोळ्यांचे काय? फिनलंडमध्ये 29,133 विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. 1994 चा निकाल उलटाच लागला. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला!

म्हणून भाजी-फळे रोज खावीत, टॉनिकच्या जाहिरातींना भुलू नये. धाप लागली तर डॉक्टरांकडे जावे. आणि मुख्य म्हणजे धूरच करू नये.

एका हेक्टरात 8 ते 10 टन पाचट निघते. ते जाळणे म्हणजे घरचे खत जाळणे. खोडव्यात पाचट सरीत लोटावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओल टिकते, तणही दबते.

यंदा आम्ही आमच्या फडात काडी ओढणार नाही. आपणही ओढू नये, ही नम्र विनंती. धूर बांध ओळखत नाही.