मीठ, साखर आणि शेवटचे इलेक्ट्रॉन

कला महाविद्यालयाच्या अंकात रसायनशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. पण नांदूरघाटच्या किराणा दुकानातले मीठ आणि साखर पाहा. दोन्ही पांढरी, दाणेदार, पाण्यात विरघळणारी. तरी साखर तापल्या कढईत वितळून करपते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ नाही. हा फरक अणूंच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांनी घडविला आहे.

सोडियमजवळ ११ इलेक्ट्रॉन असतात : २, ८ आणि बाहेर १. क्लोरीनजवळ १७ : २, ८ आणि ७. बाहेर ८ झाले की पुष्कळ अणू स्थिरावतात. सोडियमचा तो एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. एक धनभारित होतो, दुसरा ऋणभारित आणि दोघे एकमेकांना ओढतात. हा आयनिक बंध. यावरून सोडियमला दानशूर मात्र समजू नये! त्याचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ऊर्जा खर्चावी लागते. असंख्य आयन स्फटिकात दाटीने बसताना त्याहून अधिक ऊर्जा बाहेर पडते, म्हणून हा व्यवहार परवडतो.

साखरेच्या एका रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन व ११ ऑक्सिजन, असे ४५ अणू. कार्बनच्या बाह्य कवचात ४ इलेक्ट्रॉन. चार देणे महाग, चार घेणेही महाग. तेव्हा तो भागीदारी करतो. बांधावरची सामाईक विहीर दोन्ही भावांच्या सातबाऱ्यावर लागते, तशी इलेक्ट्रॉनांची एक जोडी दोन्ही अणूंच्या हिशेबात धरली जाते. (भावांत भांडणे होतात, ती गोष्ट निराळी.) हा सहसंयुज बंध, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ लुइस यांनी १९१६ साली मांडली. हायड्रोजनचे मात्र दोनच इलेक्ट्रॉनांवर भागते.

पाण्यात मिठाचे आयन सुटे होतात, साखरेचा रेणू अखंड राहतो. जुलाबाने सुकलेल्या लेकराच्या आतड्यात साखरेपासून ग्लुकोज सुटते. सोडियमचे आयन आणि ग्लुकोज जोडीने आतड्याच्या भिंतीतून आत ओढले जातात व पाठोपाठ पाणी जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचविले. दवाखान्यातली पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नये.