दारावरची पाटी : बर्लिनमधले पहिले तीन महिने



परदेशातल्या शहरात नव्यानं रुळताना काय काय होतं, असा विषय आम्हाला दिलेला आहे. विषय मोठा आहे. म्हणून आम्ही दोघांनी घरीच ठरवलं, की जगातल्या सगळ्या शहरांबद्दल बोलायचं नाही. ज्या शहरात आम्ही राहिलो, चुकलो आणि हळूहळू शिकलो, त्या बर्लिनबद्दलच बोलायचं. माईक एकाच्या हातात असला तरी बोलणं दोघांचं आहे असं समजा.

बर्लिनला जाणारी मराठी माणसं काही आजची नाहीत. इरावती कर्वे १९२८ साली डॉक्टरेटसाठी तिथे गेल्या होत्या. आज जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि माहितीही एका क्लिकवर मिळते. व्हिसा, विमा, थंडीचे कपडे, सगळ्याच्या याद्या मिळतात. त्या आम्हीही वाचल्या होत्या. तरीसुद्धा एका अगदी साध्या गोष्टीनं आमचे पहिले तीन महिने अवघड केले. ती गोष्ट म्हणजे टपालपेटीवरची नावाची पाटी. आजचं बोलणं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

पत्ता म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे पत्ता लिहिताना आपण फ्लॅट नंबर, विंग, सोसायटी, अमुक मंदिराजवळ, तमुक बँकेच्या मागे, असं सगळं लिहितो. बर्लिनचा पत्ता दोन ओळींत संपतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा नंबर, पिनकोड, शहर. फ्लॅट नंबर बहुतेक ठिकाणी नसतोच.

आता तिथली जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. पुण्याचा वाडा आठवा म्हणजे सोपं जाईल. रस्त्याच्या बाजूला एक इमारत, तिच्या पोटातून आत गेलं की चौक, चौकाच्या कडेनं बाजूचे भाग, आणि मागे आणखी एक इमारत. एका नंबरखाली वीस-तीस बिऱ्हाडं सहज असतात. मग पोस्टमन पत्र कुणाच्या पेटीत टाकणार? तो आडनाव बघतो. बेलच्या बटणाशेजारी आडनाव, पेटीवर आडनाव. पाकिटावरचं आणि पेटीवरचं आडनाव जुळलं तर पत्र आत जातं. नाही जुळलं तर परत जातं.

आपल्या गावात पोस्टमन माणसाला ओळखतो. तिथे तो पाटी ओळखतो. एवढाच फरक आहे, पण त्याच्यावर बरंच काही अवलंबून असतं.

पत्रांची साखळी

जर्मनीत राहायला गेल्यावर पहिलं सरकारी काम म्हणजे पत्त्याची नोंदणी. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असा कायदा आहे. त्यासाठी 'ब्युर्गरआम्ट' म्हणजे नागरिक कार्यालयात जायचं. बर्लिनच्या १२ विभागांपैकी कुठल्याही विभागातल्या कार्यालयात गेलात तरी चालतं. अपॉइंटमेंट मिळणं कठीण असतं. पण लोक ठरलेल्या वेळा रद्द करतात, म्हणून सकाळी लवकर वेबसाइट पाहत राहावं. दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तर ती घेऊन टाकावी आणि आपण वेळेत मागणी केली होती याचा पुरावा जपून ठेवावा.

जाताना पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाचं पत्र लागतं. हा माणूस माझ्या जागेत अमुक तारखेपासून राहतो, असं त्या पत्रात असतं. २०१५ च्या नोव्हेंबरपासून ते सक्तीचं आहे, आणि ते देणं हे जागा देणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. म्हणून नव्यानं जाणाऱ्यांना आमचा पहिला सल्ला असा : 'जागा देतो, पण नोंदणी करू नका' असं कुणी म्हणालं, तर भाडं कितीही कमी असो, ती जागा घेऊ नका.

का, ते आता बघा. नोंदणी झाली की त्या पत्त्यावर पत्रं निघायला लागतात. ११ आकडी कर-क्रमांक पत्रानं येतो. आरोग्य विम्याचं कार्ड पत्रानं येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात येतो. म्हणजे नोंदणी, पत्ता, पाटी, पत्र, आणि मग पगार, डॉक्टर, बँक, अशी ही साखळी आहे. आम्ही तिच्यातली एक कडी विसरलो.

आमचं काय झालं

पहिली जागा आम्ही एका भाडेकरूकडून पोटभाड्यानं घेतली होती. कागदपत्रं नीट होती, मालकाचं पत्र होतं, नोंदणीही वेळेत झाली. पेटीवर मात्र त्या मूळ भाडेकरूचंच नाव होतं. पाटीचं विचारलं तर तो म्हणाला, "कशाला? तुमचं काही आलं तर मी देईनच." आम्हाला ते पटलं. दुसऱ्याच्या पेटीवर आपलं नाव लावायचं म्हणजे जरा आगाऊपणाच, असंही वाटलं. मराठी माणसाचा संकोच, दुसरं काय!

पाचव्या आठवड्यात मुलीला १०३ ताप आला. जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विम्याचं कार्ड मागितलं. आम्ही म्हटलं, अजून आलं नाही. त्यांनी मुलीला लगेच आत घेतलं, तपासणी झाली, औषध मिळालं. पण निघताना त्यांनी शांतपणे सांगितलं, की दहा दिवसांत कार्ड आणा, नाही तर बिल तुम्हाला खाजगी रुग्ण म्हणून लावावं लागेल.

घरी येऊन विमा कंपनीला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "कार्ड तीन आठवड्यांपूर्वी पाठवलं होतं. ते परत आलं. या नावाचं इथे कुणी राहत नाही असा शेरा आहे."

मंडळी, तापलेली मुलगी मांडीवर आणि कानाशी फोन. अशा वेळी 'या नावाचं इथे कुणी राहत नाही' हे वाक्य ऐकणं काय असतं, ते शब्दांत सांगता येत नाही. आम्ही तर तिथेच राहत होतो!

यातून वाट निघाली, ती आधीच माहीत असलेली बरी. कार्ड नसेल तर सरकारी योजनेतली विमा कंपनी तात्पुरता दाखला देते. आम्हाला तो त्याच दिवशी ईमेलनं मिळाला आणि दवाखान्यानं मान्य केला. आणखी एक नंबर लक्षात ठेवा : ११६११७. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल, पण जिवावरचं नसेल, तर हा नंबर. जिवावरचं असेल तर ११२.

पण पाटीची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. कर-क्रमांकाचं पत्रही तसंच परत गेलं होतं. तो क्रमांक नसेल तर पगारावर सर्वांत चढा कर, म्हणजे सहावा वर्ग, लागू शकतो. आम्हाला तो लागला. क्रमांक पुन्हा मागितला, पण संबंधित कार्यालय तो ईमेलनं किंवा फोनवर सांगत नाही, पुन्हा पत्रच पाठवतं. कारण गोपनीयतेचं आहे आणि ते योग्यही आहे. जादा कापलेले पैसे बुडत नाहीत, पुढे हिशेबात परत मिळतात. आम्हालाही मिळाले. पण आम्हाला त्याच महिन्यात कायमच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं आणि पैसे नेमके तेव्हा हातात नव्हते. उसने घ्यावे लागले. नंतर कळलं, की डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकंच मागता येतं आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा कायद्यानं हक्क आहे. कुणी आधी सांगितलं असतं तर उसनवारी टळली असती. म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

त्या फोनच्या रात्रीच आम्ही कागदाची पट्टी कापली, त्यावर आडनाव ठळक लिहिलं आणि चिकटपट्टीनं पेटीवर लावलं. पुढच्या आठवड्यापासून पत्रं यायला लागली. पोटभाडेकरूंसाठी दुसराही उपाय आहे. पत्त्यात आपल्या नावाखाली मूळ भाडेकरूचं नाव 'मार्फत' म्हणून घालायचं. आपल्याकडे शहरात शिकायला आलेली मुलं काकाच्या घरच्या पत्त्यावर पत्रं मागवायची, तसंच. पण खरा उपाय पाटीच.

पेटीत काय येतं, आणि काय करायचं

पेटी रोज उघडायची सवय लावा. पिवळं पाकीट आलं तर ते त्याच दिवशी उघडा. त्यावर पोस्टमननं हातानं तारीख घातलेली असते. ते पेटीत पडलं, की ते तुम्हाला मिळालं असं कायदा मानतो, तुम्ही उघडा अथवा उघडू नका. तिथून मुदत मोजली जाते. उदाहरणार्थ, वाहतुकीच्या दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात. महिनाभर भारतात येणार असाल तर पेटीची किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या. पाकीट मात्र फेकू नका, तारखेचा पुरावा तेच.

दुसरं हमखास येणारं पत्र प्रसारण शुल्काचं. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. हे माणशी नसून घरटी आहे. त्यामुळे एका घरात तिघं राहत असतील आणि एक जण भरत असेल, तर बाकीच्यांनी त्याचा ग्राहक क्रमांक कळवायचा. पत्र बाजूला टाकून देऊ नका. शुल्क साचत जातं.

पाटीमुळे जोडलेली माणसं

आता थोडं हलकं. पेटीवर आणि बेलवर नाव लागल्यावर जे व्हायला लागलं, ते कुठल्याच यादीत नव्हतं. कुरिअरवाला आला आणि घरी कुणी नसलं, तर तो पार्सल शेजाऱ्याकडे देतो आणि तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकतो, की पार्सल अमुक आडनावाकडे आहे. आमचं पहिलं पार्सल तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गेलं. आम्ही घ्यायला गेलो, त्यांनी आमचं आडनाव तीनदा म्हणून पाहिलं. पुढे त्यांची पार्सलं आमच्याकडे यायला लागली. जर्मनमध्येही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' असतं, आणि 'तू म्हण' असं वडीलधाऱ्यानं आधी म्हणायचं असतं. आजींनी ते तीन वर्षांनी म्हटलं. आम्हाला ते कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं वाटलं.

त्याच आजींनी आम्हाला शांततेचे नियम शिकवले. रात्री १० ते सकाळी ६ आवाज नको, आणि रविवारी दिवसभर नको. रविवारी सकाळी इडलीचं पीठ मिक्सरला लावायचं नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत. रविवारी बहुतेक दुकानंही बंद, तेव्हा कोथिंबीर शनिवारीच आणायची. घरी गणपतीची आरती किंवा वाढदिवस असेल, तर जिन्यात एक चिठ्ठी लावायची : आज आमच्याकडे पाहुणे आहेत, थोडा आवाज होईल, क्षमस्व. खाली नाव आणि मजला. आमच्या इमारतीत अशी चिठ्ठी लावल्यावर तक्रार कधी आली नाही. एकदा तर प्रसाद मागायला दोघं वर आले.

शेवटी एक प्रश्न, जो आम्हाला नेहमी विचारला जातो : "मराठी मंडळीतच राहावं की तिथल्या लोकांत मिसळावं?" आम्हाला हा प्रश्न असा दोन टोकांचा वाटत नाही. मुलीला ताप आला तेव्हा भाषांतराला एक मराठी मैत्रीण धावून आली. पार्सल मात्र जिन्यातल्या आजींनीच सांभाळलं. दोन्ही माणसं लागतात. मैत्रिणीचा पत्ता इथूनच कुणी तरी देतं. जिन्यातल्या माणसांना मात्र आपण कोण ते आपणच सांगावं लागतं.

तेव्हा जाणाऱ्यांनी मसाले न्या, स्वेटर न्या, कागदपत्रांच्या प्रती न्या. सोबत एक जाड पेन आणि चिकटपट्टी न्या. किल्ली हातात पडली, की बॅगा उघडण्याआधी जागा देणाऱ्याला सांगून खाली जा आणि नाव लावा. सोडून जाताना ते काढायलाही विसरू नका, कारण पुढे येणाऱ्याला तीच जागा लागणार आहे.