झाड पाणी कसं पितं? घरच्या घरी तीन प्रयोग

मैत्रिणींनो, परसबागेतलं वांग्याचं रोप भर दुपारी मान टाकतं आणि दिवस मावळला की पुन्हा ताठ होतं, हे आपण सगळ्याच बघतो. दुपारी ते पाहून जीव कळवळतो आणि आपण कळशीभर पाणी ओततो. पण त्याला खरंच पाणी हवं होतं का? आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, त्यातही वैजापूर-गंगापूरकडे, उन्हाळ्यात एकेक कळशी मोलाची. म्हणून झाड पाणी कसं पितं हे एकदा डोळ्यांनी बघूया. खर्च फारसा नाही.

प्रयोग १ : रंगीत पाणी
ग्लासभर पाण्यात खायचा लाल रंग किंवा निळी शाई घाला, रंग चांगला गडद करा. त्यात पांढऱ्या शेवंतीचं किंवा निशिगंधाचं फूल, देठ तिरका कापून, ठेवा. पावसाळ्यात पांढऱ्या फुलाचा तेरडा मिळाला तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडांना रंग चढलेला दिसेल. देठ आडवा कापला की आत रंगाचे ठिपके दिसतात. त्या पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या.

प्रयोग २ : पानांचा घाम
सकाळी उन्हातल्या झाडाच्या एका पानं असलेल्या फांदीला कोरडी, पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. शेजारच्या फांदीची पानं काढून तिलाही तशीच पिशवी बांधा. तासा-दोन तासांनी पहिल्या पिशवीत पाण्याचे थेंब दिसतील, दुसरीत फारसे नाहीत. मुळांनी १०० तांबे पाणी ओढलं, तर त्यातले ९५ हून जास्त पानांतून वाफ होऊन उडतात. पानातून पाणी उडतं, म्हणून खालून पाणी वर ओढलं जातं. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी कुंडीतलं सूर्यफूल रोज वजन करून हे पाणी मोजलं आणि १७२७ साली पुस्तकात छापलं.

आता दुपारचं कोडं सुटलं. कडक उन्हात जेवढं पाणी उडतं, तेवढं मुळांना पुरवता येत नाही, म्हणून रोप मान टाकतं. ऊन उतरलं की सावरतं. सकाळीही रोप सुकलेलंच दिसलं, तर बोटभर माती उकरून बघा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही रोप सुकलं असेल, तर मुळं कुजली असतील किंवा रोग असेल. तिथे जास्त पाणी घातलं तर उलट नुकसान.

प्रयोग ३ : मिठाचं पाणी
बटाट्याचे दोन लांब काप करा. एक साध्या पाण्यात, दुसरा दोन चमचे मीठ विरघळवलेल्या ग्लासात ठेवा. तीन-चार तासांनी साध्या पाण्यातला ताठ राहतो, मिठातला लुळा पडतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं ना, तेच हे. जिकडे खारेपणा जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं.

युरियाचंही तसंच होतं. मूठभर युरिया खोडाला चिकटून टाकला, तर मुळाभोवतीचं पाणी ‘खारट’ होतं. मुळं पाणी पिण्याऐवजी गमावतात. यालाच आपण ‘खतानं रोप जळालं’ म्हणतो. जास्त खारं बोअरचं पाणीही असंच त्रास देतं.

मग आपण काय करायचं?
- पाणी सकाळी किंवा संध्याकाळी द्या.
- पाणी पिणारी केसासारखी मुळं टोकाकडे असतात. मोसंबी-आंब्याच्या मोठ्या झाडाला खोडाशी नाही, सावलीच्या घेराच्या कडेला पाणी द्या.
- खत थोडं, खोडापासून लांब, ओल असताना टाका.
- रोप लावताना मातीसकट, संध्याकाळी लावा. नाजूक मुळं तुटत नाहीत.
- बुडाशी पाचोळा पसरा, म्हणजे मातीतलं पाणी उडत नाही.

पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी एकीनं फूल आणि रंगाचा ग्लास भरून ठेवा, बैठकीत सगळ्यांना दाखवा. पोरांनाही सोबत घ्या, त्यांना फार मजा येते!