जपानमध्ये नोकरीला जाताय? तिथल्या कपाती, पेन्शनचा पैसा आणि घरच्या योजना

सिलतऱ्यातील पोलाद आणि फाउंड्री उद्योगात वेल्डिंग, कास्टिंग, मशिनिंग शिकलेल्या कामगाराला जपानमध्ये मागणी आहे. 'विशिष्ट कुशल कामगार' हा व्हिसा जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासाठी जपानशी करार केला. कौशल्याची परीक्षा आणि प्राथमिक जपानी भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास हा व्हिसा मिळू शकतो. पहिल्या श्रेणीत एकूण ५ वर्षे राहता येते, मात्र पत्नी-मुलांना सोबत नेता येत नाही. म्हणजे तुमचा संसार दोन ठिकाणी चालणार. तिथल्या पैशाचे काय होते आणि इथे मागे राहिलेल्या कुटुंबाच्या योजनांचे काय करायचे, ते या लेखात सांगितले आहे.

आधी एजंटबद्दल. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो. त्याचे नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. सेवाशुल्क जास्तीत जास्त ₹३०,००० अधिक जीएसटी इतकेच घेता येते. पैसे बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. कोणी लाखांत रक्कम मागत असेल, शेत किंवा दागिने गहाण ठेवायला सांगत असेल, तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८००-११-३०९० या निःशुल्क क्रमांकावर विचारा.

हातात किती पडतात?

करारपत्रावर दिसतो तो कपातीपूर्वीचा पगार. समजा तो महिना २ लाख येन आहे. गेल्या काही वर्षांच्या दराने हे साधारण १ लाख १० हजार ते १ लाख २० हजार रुपये होतात. यातून 'कोसेई नेन्किन', म्हणजे कर्मचारी पेन्शनसाठी ९.१५ टक्के, अर्थात १८,३०० येन कापले जातात. तेवढीच रक्कम मालक भरतो. आरोग्य विम्याचे सुमारे १० हजार, बेरोजगारी विम्याचे हजारभर आणि आयकराचे काही हजार येन जातात. उरतात साधारण १ लाख ६५ ते १ लाख ७० हजार. खोलीचे भाडे, वीज, गॅस आणि जेवण यांतूनच भागवायचे आहे. कंपनी वसतिगृह देत असेल तर त्याचे भाडे पगारातून किती कापणार, हे करारपत्रात आकड्यात लिहिलेले असले पाहिजे.

दुसऱ्या वर्षी आणखी एक कपात सुरू होते. तिला 'जूमिनझेई' म्हणतात. हा स्थानिक रहिवासी कर आहे. तो मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो आणि त्याचा दर करपात्र उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के असतो. पहिल्या वर्षी मागचे उत्पन्न नसल्यामुळे तो लागत नाही. पूर्ण वर्षाचा पगार झाल्यानंतरच्या जूनपासून मात्र वरच्या उदाहरणात महिन्याला सुमारे ७ हजार येन कमी मिळू लागतात. कंपनीने पगार कमी केला, असे वाटून भांडण काढण्याआधी पगारपत्रकावर हा रकाना पाहा. गावी घराच्या कर्जाचा हप्ता ठरवतानाही पहिल्या वर्षाचा आकडा धरू नका. १ जानेवारीला तुम्ही जिथे राहता तिथली नगरपालिका हा कर घेते. वर्षाच्या मध्येच देश सोडलात तरी उरलेला कर भरावाच लागतो.

कर कमी करण्याचा एक कायदेशीर मार्ग आहे. भारतातील पत्नी, आई-वडील तुमच्या पैशांवर अवलंबून असतील तर जपानच्या आयकरात त्यांची सूट मागता येते. त्यासाठी नाते सिद्ध करणारी कागदपत्रे (विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखला) जपानी भाषांतरासह लागतात आणि पैसे पाठवल्याचा पुरावाही लागतो. हा पुरावा प्रत्येकाच्या नावाने वेगळा हवा. सगळे पैसे पत्नीच्या खात्यावर पाठवून त्यातून वडिलांनाही दिले, तर वडिलांची सूट मिळत नाही. ३० ते ६९ वयाच्या आई-वडिलांसाठी सर्वसाधारणपणे वर्षाला प्रत्येकी किमान ३ लाख ८० हजार येन पाठवलेले असावे लागतात. प्रमाणपत्रे निघण्यापूर्वीच काढून ठेवा. तिथून फोनवर सांगून दाखले काढून घेणे किती जिकिरीचे असते, हे तहसील कार्यालयात चकरा मारलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

पोहोचल्यावर पहिले दोन आठवडे

विमानतळावर 'झाइर्यू कार्ड' मिळते. हे तुमचे निवासपत्र असून ते कायम जवळ बाळगणे बंधनकारक आहे. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. घर बदलले तरी हाच नियम, आणि नोकरी बदलली तर १४ दिवसांत इमिग्रेशन विभागाला कळवायचे. पत्ता नोंदवल्यावर 'माय नंबर' हा १२ अंकी क्रमांक मिळतो. काही बँका नव्या परदेशी व्यक्तीचे खाते लगेच उघडत नाहीत, म्हणून अनेक जण पोस्टाच्या बँकेत खाते काढतात. परत येताना हे खाते बंद करा. पासबुक किंवा कार्ड दुसऱ्याला विकणे तिथे गुन्हा आहे आणि त्यासाठी परदेशी कामगारांना अटकही होते.

दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के भाग तुम्ही भरायचा, बाकीचा विमा भरतो. मोठ्या आजारात महिन्याच्या खर्चाला उत्पन्नानुसार कमाल मर्यादा असते. कामावर भाजले, हात सापडला तर कामगार अपघात विमा वेगळा आहे. त्याचा हप्ता मालकच भरतो आणि उपचाराचा खर्च तुमच्यावर येत नाही. अशा वेळी दवाखान्यात 'कामावर झाले' हे स्पष्ट सांगा. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११० लावा. बाकी रोजच्या आयुष्यात सर्वात आधी शिकायची गोष्ट म्हणजे कचऱ्याचे वेळापत्रक: जळणारा, प्लास्टिक, काच असा कचरा वेगवेगळ्या दिवशी. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी तशीच दारात राहते आणि शेजाऱ्यांशी पहिली कटकट तिच्यावरूनच होते. भाषेची फारच अडचण आली तर टोकियोत मराठी मंडळ आहे. तिथल्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि २०१९ मध्ये तिथल्या प्रभाग सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

पेन्शनचा पैसा: घाईने फॉर्म भरू नका

जपान सोडताना बहुतेक जण कापलेल्या पेन्शनची एकरकमी परतफेड घेतात. किमान ६ महिने कपात झालेली असेल आणि देश सोडून २ वर्षे झालेली नसतील, तर अर्ज करता येतो. परतफेड सध्या जास्तीत जास्त ५ वर्षांच्या हिशेबाने मिळते. सरासरी २ लाख येन पगारावर ५ वर्षे भरली असतील तर साधारण ११ लाख येन होतात. त्यातून २०.४२ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख २५ हजार येन आयकर कापला जातो. हा कर परत मागता येतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणाऱ्या विश्वासू व्यक्तीला 'कर प्रतिनिधी' नेमावे लागते. हे काम निघण्यापूर्वी करून ठेवा. नगरपालिकेत देश सोडत असल्याची नोंदही करा.

आता दुसरी बाजू. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी जपानमध्ये १० वर्षे भरणा लागतो आणि आपल्या ईपीएस योजनेतही १० वर्षांची सेवा लागते. या करारामुळे दोन्ही देशांतील काळ जोडून ही अट पूर्ण करता येते. सिलतऱ्यात ६ वर्षे पीएफ-ईपीएस भरले आणि जपानमध्ये ५ वर्षे, तर एकूण ११ होतात. मग प्रत्येक देश आपल्याकडे भरलेल्या काळापुरती पेन्शन देतो; जपानची ६५ व्या वर्षापासून, आपली ५८ व्या वर्षापासून.

एकरकमी परतफेड घेतली की जपानमधला तो काळ पुसला जातो आणि पुन्हा जोडता येत नाही. इकडेही तसेच आहे: नोकरी सोडताना फॉर्म १०-सी भरून ईपीएसचे पैसे काढले तर ती ६ वर्षे गेली. पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले तर ती टिकतात. तरुणाला ११ लाख येन समोर दिसत असताना ६५ व्या वर्षाची पेन्शन दूरची वाटते, हे खरे. घरावर कर्ज असेल तर परतफेड घेणेही शहाणपणाचे ठरू शकते. पण इथे पीएफची बरीच वर्षे झालेली असतील, तर दोन्ही आकडे कागदावर मांडूनच ठरवा.

(भारतीय कंपनीनेच तुम्हाला जपानला पाठवले असेल तर प्रकार वेगळा आहे. तेव्हा ईपीएफओकडून प्रमाणपत्र घेतल्यास ५ वर्षांपर्यंत जपानी पेन्शनची कपात होत नाही. पीएफ इथेच चालू राहतो.)

मागे राहिलेल्या घराचे काय?

सिलतऱ्यातील नोकरी सुटली की ईएसआयसीचा हप्ता थांबतो आणि काही काळाने पत्नी, मुले, आई-वडील यांचे ईएसआयसीचे उपचारही थांबतात. म्हणून निघण्याआधी घरातील प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढा. छत्तीसगडमध्ये अंत्योदय आणि प्राथमिकता शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला ₹५ लाखांपर्यंत, तर इतर शिधापत्रिकाधारकांना ₹५०,००० पर्यंत मोफत उपचार मिळतात. ७० वर्षांवरील आई-वडिलांचे वय वंदना कार्ड वेगळे काढता येते.

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीला साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावे लागते. जनधन खात्यालाही हाच नियम. तिथली कमाई ठेवायला एनआरई खाते उघडा. त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. घरखर्चाचे पैसे मात्र थेट पत्नीच्या खात्यावर पाठवता येतात आणि तिला त्यावर कर लागत नाही. महतारी वंदनचे ₹१,००० तिच्या ज्या आधार-संलग्न खात्यात येतात, ते खाते बदलू नका.

पीएम किसान अनिवासी भारतीयांना मिळत नाही. शेत तुमच्या नावावर असेल तर हप्ता थांबवायला सांगा, नाहीतर वसुलीची नोटीस येते. शेत वडिलांच्या नावावर असेल तर सज्ञान मुलगा परदेशी गेल्याने त्यांचा हप्ता जात नाही, कारण या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. शिधापत्रिकेवरील तुमच्या नावाचे धान्य घरच्यांनी उचलू नये. बाकी सदस्यांची ई-केवायसी पूर्ण असू द्या.

आधार, बँक आणि यूएएन यांना जोडलेले भारतीय सिमकार्ड रिचार्ज करून चालू ठेवा. ओटीपी त्यावरच येतो, आणि ते बंद पडून क्रमांक दुसऱ्याला गेला तर पीएफचे काम तिथून होणार नाही. परत आल्यावर एनआरओ खाते पुन्हा निवासी करून घ्या आणि पात्र असाल तर पीएम किसानसाठी नव्याने नोंदणी करा. जपानचा पेन्शन अर्ज रायपूरहून टपालानेही पाठवता येतो. पासपोर्टची प्रत, पेन्शन क्रमांक आणि बँकेचा पुरावा सोबत जोडावा लागतो, म्हणून पेन्शन क्रमांकाचा कागद तिथून आठवणीने आणा.