हुशारी आणि शील: दाखल्यावरचे दोन रकाने

आज आपण प्रतिभा आणि चारित्र्य यांच्या नात्याबद्दल बोलणार आहोत. याबाबत आपल्या मनात दोन समजुती असतात. एक, एवढं मोठं काम करणारा माणूस मनानेही मोठा असणारच. दुसरी, प्रतिभावंत लोक असेच असतात, त्यांना आपली साधी मोजपट्टी लावू नये. या दोन्ही समजुती एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींत गृहीत एकच आहे: माणसाच्या प्रतिभेवरून त्याच्या शीलाचा हिशेब लागतो. हे गृहीत खरं आहे का, ते एका उदाहरणावरून तपासू.

फ्रित्झ हाबर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. जन्म १८६८ चा. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण बहुतेक पिकांना तो थेट वापरता येत नाही. १९०९ मध्ये हाबरने हवेतल्या या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉशने ती पद्धत कारखान्यात आणली आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आज आपल्याकडचा शेतकरी युरियाची गोणी फोडतो, तो युरिया याच पद्धतीने केलेल्या अमोनियातून येतो. जगातल्या कोट्यवधी लोकांच्या ताटातलं अन्न या शोधावर उभं आहे. हाबरला यासाठी १९१८ सालचं नोबेल मिळालं.

आता त्याच माणसाचं दुसरं काम पाहा. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या इप्र गावाजवळ जर्मन सैन्याने सुमारे दीडशे टन क्लोरीन वायू शत्रूच्या खंदकांकडे सोडला. हजारो नळकांडी जमिनीत पुरून अनुकूल वाऱ्याची वाट पाहिली होती. या योजनेचा मेंदू हाबर होता आणि तो स्वतः आघाडीवर हजर होता. विषारी शस्त्रांवर १९०७ च्या हेग करारात बंदी होती आणि त्या करारात जर्मनीही सामील होता.

इथे आपण सहज म्हणतो, ‘हाबर बिघडला.’ पण जरा थांबू. अमोनियासाठी लागलेली चिकाटी, शिस्त, बारकाईने काम करण्याची सवय, हाताखालच्या लोकांना सोबत घेण्याची हातोटी, हे सगळं वायूच्या कामातही जसंच्या तसं होतं. त्यात देशनिष्ठेचीही भर पडली होती. शास्त्रज्ञ शांततेत जगाचा असतो आणि युद्धात देशाचा, अशी त्याची भूमिका होती. म्हणजे गुण कुठेही कमी पडले नव्हते!

आपली गफलत नेमकी इथे होते. मेहनत, चिकाटी, शिस्त, निष्ठा यांना आपण चारित्र्य म्हणतो. खरं तर ते काम तडीस नेणारे गुण आहेत. काम चांगलं असो की वाईट, ते त्याला सारखेच बळ देतात. शील दुसऱ्या ठिकाणी असतं. ‘याचा फटका कोणाला बसणार?’ हा प्रश्न विचारण्यात ते असतं आणि उत्तर गैरसोयीचं आलं तरी थांबण्यात असतं.

कोणी म्हणेल, त्या काळात वेगळं वागणं शक्यच नव्हतं. तर हर्मान श्टाउडिंगरकडे पाहा. तोही जर्मन, तोही रसायनशास्त्रज्ञ, कार्ल्सरूहमध्ये हाबरचा सहकारी होता. युद्धकाळात झुरिकमध्ये असताना त्याने विषारी वायूच्या वापराविरुद्ध जाहीरपणे लिहिलं आणि हाबरचा रोष ओढवून घेतला. पुढे १९३३ मध्ये, फ्रायबुर्ग विद्यापीठात असताना, त्याची ही जुनी युद्धविरोधी भूमिका सरकारी अधिकाऱ्यांच्या कानावर घातली गेली. घालणारा होता विद्यापीठाचा प्रमुख, विख्यात तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर. म्हणजे माणसाच्या अस्तित्वाचा जन्मभर विचार करणारी प्रतिभाही शीलाची हमी देत नाही. श्टाउडिंगरला १९५३ मध्ये नोबेल मिळालं, पण ते मिळालं त्याच्या रसायनशास्त्रासाठी. त्याचं धाडस त्या पारितोषिकात मोजलेलं नव्हतं, तसाच हाबरच्या पारितोषिकात इप्रचा वायूही मोजलेला नव्हता.

मग हाबरचा शोध टाकून द्यायचा का? मुळीच नाही. शेतातलं पीक खरं आहे आणि खंदकात गुदमरलेले सैनिकही तेवढेच खरे आहेत. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातल्या देण्यात वळती करता येत नाही. उलट, प्रतिभा जितकी मोठी तितका चुकीचा पल्ला मोठा, म्हणून प्रश्नही जास्त विचारायला हवेत. सोन्याची सुरी असली म्हणून कोणी ती पोटात खुपसून घेत नाही.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन वेगळे रकाने असतात. बहुतेक वेळा दोन्हींत ‘चांगली’ लिहून आपण मोकळे होतो. नेता निवडताना, डॉक्टर किंवा गुरू शोधताना, संस्थेची सूत्रं कोणाच्या हाती देताना आपण हेच करतो. पहिला रकाना भरलेला दिसला की दुसरा वाचतच नाही. तो वेगळा छापलेला आहे, तेव्हा वेगळा वाचायलाही हवा.