श्वासातला विद्युत्प्रवाह



मोरचुदाच्या निळ्या द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवण्याचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत केला असेल. थोड्याच वेळात खिळ्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा रंग फिका होऊ लागतो. लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांना देऊन टाकतात, म्हणून असे घडते. इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि घेणे म्हणजे क्षपण, हेही तुम्हांला ठाऊक आहेच.

लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले की फेरस आयन तयार होतो. त्याने आणखी एक दिला की तो फेरिक होतो, आणि तो एक परत मिळाला की पुन्हा फेरस. एका इलेक्ट्रॉनची ही देवघेव तुम्ही हे वाक्य वाचत असतानाही तुमच्या पेशीपेशीत चालू आहे. ती काही मिनिटे जरी पूर्ण बंद पडली, तरी माणूस जगू शकत नाही. ही देवघेव म्हणजे काय आणि शास्त्रज्ञांनी ती तार लावून कशी मोजली, ते आज पाहू या.

थोडे गणित

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. वायूचा एक मोल प्रमाण तापमान व दाबाला २२.४ लिटर जागा व्यापतो, तेव्हा हा ऑक्सिजन सुमारे ०.०११ मोल झाला. ऑक्सिजनच्या एका रेणूचे पाणी होण्यास चार इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे मिनिटाला सुमारे ०.०४५ मोल इलेक्ट्रॉन. एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युत्भार ९६,५०० कुलोम असतो. गुणाकार करा आणि ६० ने भागा. उत्तर येते सेकंदाला ७० कुलोमहून थोडे अधिक, म्हणजेच सुमारे ७० अँपियर!

घरातल्या छताच्या पंख्याला अर्धा अँपियरही लागत नाही. मग आपल्याला विजेचा झटका कसा बसत नाही? कारण हा प्रवाह एका तारेतून वाहत नाही. पेशींमध्ये तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग असतात. अशा असंख्य तंतुकणिकांत तो वाटला गेलेला असतो. शिवाय विद्युत्दाबही लहानच. अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन −०.३२ व्होल्टच्या पायरीवरून निघतो आणि ऑक्सिजनपाशी, +०.८२ व्होल्टवर, पोचतो. एकूण फरक १.१४ व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. आता ७० ला १.१४ ने गुणा. सुमारे ८० वॅट येतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णताही साधारण एवढीच असते.

दिसणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या रेषा

आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात ना? तसेच काही प्रथिने इलेक्ट्रॉन पुढे देतात. यांपैकी पुष्कळांच्या पोटात लोखंड असते. काहींत ते हीम नावाच्या चपट्या कड्याच्या मधोमध बसलेले असते. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येही हीमच असते. काहींत लोखंड आणि गंधक यांच्या अणूंचे छोटे गट असतात.

हीमवाल्या प्रथिनांचा शोध मोठा गमतीदार आहे. १८८० नंतरच्या दशकात मॅकमन नावाच्या डॉक्टरांना प्राण्यांच्या स्नायूंच्या वर्णपटात काळे पट्टे दिसले. पण त्यांच्यावर इतर शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नाही आणि ते काम मागे पडले. १९२५ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांना तेच चार पट्टे कीटकांच्या स्नायूंत आणि साध्या यीस्टमध्ये पुन्हा दिसले. यीस्ट हवेबरोबर हलवले की पट्टे नाहीसे होत, आणि स्थिर ठेवले की परत उमटत! ऑक्सिजन इलेक्ट्रॉन नेत होता आणि पेशी ते पुन्हा भरत होती. केलिन यांनी या रंगद्रव्याला सायटोक्रोम हे नाव दिले.

त्यांनी यीस्टमध्ये सायनाइड मिसळून पाहिले. आता कितीही हलवले तरी पट्टे जाईनात. सायनाइड रांगेतल्या शेवटच्या प्रथिनातील हीमच्या लोखंडाला चिकटून बसते. मग इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचूच शकत नाही. सायनाइडने माणूस दगावतो तेव्हा रक्तात ऑक्सिजन असतो, परंतु पेशींना तो वापरता येत नाही.

लोखंड एकच, व्होल्ट निराळे

या साखळीत इलेक्ट्रॉन पुढेच का जातो, मागे का येत नाही? पाणी उताराकडे वाहते, तसा इलेक्ट्रॉन कमी विभवाकडून अधिक विभवाकडे जातो. आता पुढचे आकडे पाहा. फेरस आणि फेरिक आयन आम्लयुक्त पाण्यात असताना या जोडीचे विभव +०.७७ व्होल्ट भरते. सायटोक्रोम-सी या प्रथिनात ते +०.२६ व्होल्ट होते. पालकाच्या पानात फेरेडॉक्सिन नावाचे लोह-गंधक प्रथिन असते. प्रकाशसंश्लेषणात ते इलेक्ट्रॉन वाहून नेते. त्यात विभव −०.४२ व्होल्टपर्यंत खाली उतरते.

धातू तोच, मग फरक कशाने पडला? शेजाराने! लोखंडाला नायट्रोजनने धरले आहे की गंधकाने, जवळ विद्युत्भार कोणता आहे, पाणी आत शिरू शकते की नाही, यांवर लोखंड इलेक्ट्रॉन किती घट्ट धरून ठेवील ते ठरते. शेजार बदलून सजीवांनी एकाच धातूपासून अनेक पायऱ्यांचा जिना घडवला आहे.

तारेला दाद न देणारे प्रथिन

पायरीची उंची मोजायची तर सोपा उपाय कोणता? द्रावणात तार बुडवायची, विभव सावकाश वाढवायचे, मग तसेच उतरवायचे आणि प्रवाह पाहायचा. इलेक्ट्रॉन देताना आलेखावर एक उंचवटा आणि परत घेताना उलट दिशेला दुसरा उंचवटा यायला हवा. दोन्हींच्या मध्यावर प्रथिनाचे विभव.

पण साध्या धातूची तार वापरली की सायटोक्रोम-सी असा आलेख देईना. त्याचे लोखंड १०४ अमिनो आम्लांच्या गुंडाळीत दडलेले आहे आणि हीमची फक्त एक कड बाहेर डोकावते. इलेक्ट्रॉनला साधारण १.४ नॅनोमीटरपेक्षा लांबची उडी वेगाने मारता येत नाही. प्रथिन भलत्याच बाजूने तारेला टेकले तर देवघेव होत नाही. त्यातून ते उघड्या धातूला चिकटून बिघडते आणि तारच झाकून टाकते.

१९७७ मध्ये हे कोडे सुटले. ऑक्सफर्डचे एडोज आणि ॲलन हिल यांनी सोन्याच्या विद्युत्अग्रावर बायपिरिडिल नावाच्या लहान रेणूंचा पातळ थर दिला. या रेणूंना स्वतःला इलेक्ट्रॉन द्यायचा-घ्यायचा नव्हता. हीमच्या कडेभोवती धनभारित लायसिन या अमिनो आम्लाचे कडे आहे. त्याला क्षणभर धरून प्रथिन योग्य बाजूने उभे करायचे, एवढेच त्यांचे काम. लगेच दोन्ही उंचवटे उमटले, जवळजवळ ०.०६ व्होल्ट अंतरावर. एक इलेक्ट्रॉन सहज ये-जा करीत असल्याची हीच खूण! त्याच वर्षी अमेरिकेत ये आणि कुवाना यांना इंडियम ऑक्साइडच्या विद्युत्अग्रावरही असे यश मिळाले. फेरेडॉक्सिनचा पृष्ठभाग मात्र ऋणभारित असतो. त्यामुळे त्याच्यासाठी पुढे ग्रॅफाइटचे विद्युत्अग्र घेऊन मॅग्नेशियमसारख्या धनभारित आयनांचा पूल बांधावा लागला.

याच वाटेने पुढे एक उपयोगी वस्तू आली. रक्तातली साखर ओळखणाऱ्या एका विकराचे मर्मस्थान इतके खोल असते की तिथून इलेक्ट्रॉन थेट तारेपर्यंत येत नाही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये फेरोसीन हा छोटा रेणू हमालासारखा वापरून तो बाहेर आणला. त्यावर आधारलेले पेनाएवढे साखरमापक १९८७ मध्ये बाजारात आले. आणि या फेरोसीनच्या मधोमध काय असते? लोखंडाचा एक अणू!

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. शर्यतीत जोराने धावणारा माणूस मिनिटाला अडीच लिटर ऑक्सिजन वापरत असेल, तर त्याच्या शरीरातला एकूण प्रवाह किती अँपियर होईल? वहीत मांडून पाहा बरे.