घारापुरी: बेट पाहिलं, गाव राहिलं

कुर्ल्यात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात बेटावरची सुट्टी म्हणजे अंदमान, लक्षद्वीप, नाहीतर थेट मालदीव. विमानाचं तिकीट, आठवडाभराची रजा आणि मनात एक पक्का समज: बेट जितकं लांब, तितकी तिथली संस्कृती अस्सल.

मुळात कुर्लाच बेटावर आहे. साष्टी बेटाचं हे दक्षिणेकडचं गाव. पलीकडे शीव, म्हणजे मुंबई बेटाचं टोक, आणि मधे खाडी नि चिखल. 19व्या शतकाच्या सुरुवातीला शीवचा बांध घातला गेला, तेव्हा कुठे इकडची माणसं कोरड्या पायांनी मुंबईत जाऊ लागली. कुर्ली म्हणजे खेकडी, तिच्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत बाटली मसाला अजून आहे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कुटून तो बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून बाटली मसाला. बेटावरची संस्कृती शोधायला निघालेल्यांनी आधी आपल्या गल्लीतला हा वास घ्यावा.

आता घारापुरी. ‘तिथे काय, लेणी आणि माकडं’, हा सर्वांत मोठा गैरसमज. घारापुरी मुंबईतही मोडत नाही. रायगड जिल्हा, उरण तालुका, स्वतःची ग्रामपंचायत आणि तीन वस्त्या: शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. आपण लाँचमधून उतरतो, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढतो, सदाशिवाच्या मूर्तीपुढे फोटो काढतो आणि परततो. 1987 पासून लेणी जागतिक वारसा यादीत आहेत, त्यांचं मोल कमी नाही. पण त्याच डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारं गाव पाहायचं राहून जातं. ‘एलिफंटा’ हे नावही गावाचं नव्हे. किनाऱ्यावरचा दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी ते दिलं. पुढे इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला. सांधलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती गेला, परक्यांनी दिलेलं नाव चिकटलं. गावकरी मात्र घारापुरीच म्हणतात. तुम्हीही म्हणा.

‘वीज आली, मोबाईल आला, आता अस्सल काय उरलं?’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना हे बेट जनरेटरवर संध्याकाळचे जेमतेम तीन-साडेतीन तास उजेड पाहायचं. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणने इथे कायमची वीज आणली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. फ्रिज आल्यावर मासळी टिकते, पोरांना रात्री अभ्यास करता येतो, पंखा फिरतो. आपल्या दोन तासांच्या ‘जुन्या काळा’साठी त्यांनी घामाघूम होत बसावं, असं म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

पायऱ्यांच्या वाटेवर काही बायका डोक्यावर कळशा घेऊन फोटोला उभ्या राहतात आणि पैसे मागतात. ‘नुसतं नाटक’, म्हणत लोक नाक मुरडतात. ती त्यांची कमाई आहे; आपल्याला फोटो नको असेल तर काढू नये. शेजारी मीठ-तिखट लावून कैऱ्या, काकड्या, आवळे विकणारीही तितकीच बेटाची. आणि संस्कृती जवळून पाहायची असेल तर चुलीपाशी पाहावी. तांदळाचं पीठ गरम पाण्यात मळून गोळा घेतला जातो, पाण्याचा हात लावत दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत तो वाढवत नेतात, आणि भाकरी तव्यावर पडताना चर्र आवाज येतो. सोबत सुकट किंवा बोंबलाचं कालवण. जेवण संपेपर्यंत ‘अजून घ्या’ थांबत नाही.

यातूनच पुढचा समज होतो: पाहुणचार म्हणजे फुकट. घारापुरीत तांदूळ, तेल, गॅसचा सिलिंडर, सगळं पाण्यावरून येतं. त्यामुळे इथलं ताट कुर्ल्याच्या खाणावळीपेक्षा महाग पडलं तर ती लूट नव्हे. ताटाचे पैसे घेणाऱ्या बाईचा आग्रह खोटा नसतो. घासाघीस तेवढी करू नका.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. ‘रात्र काढल्याशिवाय बेट कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: घारापुरीत पर्यटकांना वस्ती करता येत नाही, संध्याकाळच्या लाँचने परतावंच लागतं. मुक्कामच हवा असेल तर मालाडच्या मार्वेहून फेरी पकडून मनोरीला जा. तिथे ईस्ट इंडियन आणि कोळी वस्ती आहे, राहायची सोयही होते.

कुर्ल्याहून हार्बरने सीएसएमटी, तिथून गेटवे, पुढे लाँचला साधारण तास. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात दर्या खवळला की लाँच सुटत नाही, तेव्हा दिवस बघून निघा. सकाळची पहिली लाँच धरा. उतरल्यावर लेण्यांकडे धावू नका. आधी एखाद्या मावशींना विचारून जेवणाचं सांगून ठेवा, किती माणसं ते नीट सांगा आणि सांगितलेल्या वेळेला जेवायला या.